हे कोणत्या धड्यातलं आहे?

"ताई, माझं वय ३१. सहा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, मग फील्ड बदलायचं ठरवलं आणि गेले ११ महिने डेटा ॲनालिसिस शिकतेय. तीन ऑनलाइन कोर्स झाले, असाइनमेंटला कायम नव्वदच्या वर, व्हिडिओ बघताना सगळं कळतं, कधीकधी तर शिकवणारा पुढे काय टाइप करणार हेही आधीच कळतं. मागच्या महिन्यात पहिला इंटरव्ह्यू झाला. ग्राहकांच्या तक्रारींचं एक टेबल दिलं आणि म्हणाले, प्रत्येक ग्राहकाच्या लागोपाठच्या दोन तक्रारींमध्ये किती दिवस गेले ते काढा. मी पूर्ण ब्लँक. वीस मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले. घरी येऊन कोर्सच्या फाइल्स उघडल्या तर हेच मी केलेलं होतं, फक्त तिथे कर्मचाऱ्यांची हजेरी होती. रडूच आलं. भाऊ म्हणतो तुझं लॉजिक कच्चं आहे, बुद्धिबळ खेळ, ब्रेन ट्रेनिंगचं ॲप घे. तर तीन प्रश्न आहेत. मी मठ्ठ आहे का? लॅबमधली सहा वर्षं पाण्यात गेली का? बुद्धिबळाने खरंच काही होईल का? ता.क. : त्या लोकांना आता उत्तर करून पाठवलं तर हसतील का?
– ब्लँक झालेली"

अगं ब्लँक झालेली,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. नाही, मठ्ठ नाहीस. मठ्ठ असतीस तर घरी येऊन फाइल उघडल्यावर "अरे हे तेच आहे" हेही लक्षात आलं नसतं. तुला ते करता येत होतं, पण समोर आलेला प्रश्न त्यातलाच आहे हे ओळखता आलं नाही, आणि या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत बरं का, कोर्सने तुझ्याकडून पहिली घोटून घेतली आणि दुसरीचा सराव एकदाही करून घेतला नाही.

हे मी एवढ्या खात्रीने सांगतेय कारण मी स्वतः बरीच वर्षं हाच गुन्हा केलाय. मी गणित शिकवायचे. धडा संपला की त्या धड्याची पंचवीस गणितं, मुलं खटाखट सोडवायची, मीही खूश तेही खूश, आणि मग सहामाहीला सगळ्या धड्यांची गणितं सरमिसळ आली की दर वर्षी कोणीतरी हात वर करून हळूच विचारायचं, "मॅडम, हे कोणत्या धड्यातलं आहे?" मला इतका राग यायचा ना! अरे शिकवलंय की सगळं, वाचा नीट, असं ओरडायचे मी. खूप उशिरा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ते पोर अगदी नेमका प्रश्न विचारत होतं. धडा कोणता हे सांगितलं तर पुढचं सगळं त्याला येत होतं, आणि धडा कोणता हे ओळखायची वेळ आम्ही वर्षभरात त्याच्यावर येऊच दिली नव्हती कारण ते पानाच्या वर ठळक अक्षरात छापलेलंच असायचं. तुझ्या कोर्समध्येही व्हिडिओच्या नावातच असणार ना, "लॅग फंक्शन, भाग दोन" वगैरे (लॅग म्हणजे आधीची नोंद शेजारी आणून देणारी आज्ञा). इंटरव्ह्यूत ते नाव काढून टाकलेलं होतं, बस.

आता एक कोडं सांगते. तू रुग्णांच्या जगातून आलीस म्हणून तुला मजा येईल. पोटात गाठ आहे, ऑपरेशन करता येत नाही. एक किरण आहे ज्याने गाठ जळते, पण जेवढ्या जोराने गाठ जळते तेवढ्या जोराने वाटेतलं चांगलं मांसही जळतं, आणि जोर कमी केला तर मांस वाचतं पण गाठही वाचते. काय करायचं? थांब जरा, विचार कर. हे कोडं कार्ल डुंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं. पुढे १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी ते कोडं घेऊन एक मस्त प्रयोग केला, आधी कॉलेजच्या पोरांना एक युद्धाची गोष्ट वाचायला दिली की एका सेनापतीला किल्ला घ्यायचाय, किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर सुरुंग पेरलेत, मोठी फौज गेली तर स्फोट होणार पण छोटी तुकडी जाऊ शकते, मग त्याने फौजेच्या लहान तुकड्या केल्या, वेगवेगळ्या रस्त्यांनी पाठवल्या आणि सगळ्या एकाच वेळी किल्ल्यापाशी पोचल्या. मग दिलं गाठीचं कोडं.

तुला आत्ता उत्तर दिसलं असेल, कारण मी दोन्ही शेजारीशेजारी ठेवली. कमी जोराचे किरण सगळीकडून सोडायचे आणि ते गाठीवर एकत्र आणायचे. (खऱ्या रेडिएशनमध्येही वेगवेगळ्या दिशांनी किरण देतात ते याचसाठी.) पण प्रयोगातली पोरं? गोष्ट न वाचता साधारण दहातल्या एकाला उत्तर सुचत होतं. गोष्ट वाचून, ती डोक्यात अगदी ताजी असताना साधारण तिघांना. दहातल्या तिघांना फक्त! आणि नुसतं एवढं म्हटलं की "मघाशी वाचलेली गोष्ट वापरून बघा", की आकडा साधारण ७५ टक्क्यांवर. ही सगळी कॉलेजला जाणारी पोरं आहेत आणि गोष्ट काही मिनिटांपूर्वी वाचलेली आहे, तरी निम्म्याहून जास्त जणांना कोणीतरी खुणावल्याशिवाय कळलंच नाही की मघाची गोष्ट इथेच लागू पडते. तू तर हजेरीचं उदाहरण महिन्यांपूर्वी केलेलंस आणि समोर तीन अनोळखी माणसं बसलेली.

असं का होतं तर आपलं डोकं गोष्टी साठवताना वरच्या कपड्यांसकट साठवतं. तू ते हजेरी या नावाखाली ठेवलंस. युद्धाची गोष्ट युद्धाखाली जाते, मग पोटदुखी आली की युद्ध कशाला आठवेल? नवख्याला कपडे दिसतात, मुरलेल्याला आतला सांगाडा दिसतो. १९८१ मध्ये फिजिक्सवर असाच एक अभ्यास झाला, गणितांचे गठ्ठे करायला सांगितले तर नवख्या विद्यार्थ्यांनी "ही उतारावरची, ही स्प्रिंगची" असे गठ्ठे केले आणि पीएचडीवाल्यांनी "ही ऊर्जेच्या नियमाने सुटणारी" असे. गणितं तीच!

आणि हे उलट बाजूनेही होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण आपण समजतो की पुस्तकात शिकलेलं बाहेर चालत नाही, पण बाहेर शिकलेलंही पुस्तकात चालत नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळबिरळ विकणाऱ्या मुलांवरचा १९८५ चा अभ्यास आहे. मुलं फक्त पाच होती, म्हणजे अभ्यास छोटाच, पण डोळे उघडणारा. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले आणि हिशेब विचारत राहिले, तर ९८ टक्के उत्तरं बरोबर. मग त्याच मुलांना तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर बरोबर उत्तरं ३७ टक्के. शाब्दिक उदाहरणं करून दिली तर मधेच कुठेतरी, ७४ च्या आसपास. त्यातलं बारा वर्षांचं एक पोर, चार नारळ प्रत्येकी ३५ चे, तर ते तोंडी म्हणालं तीनचे १०५, त्यात ३० घातले की १३५, आणि नारळ ३५ चा आहे म्हणजे १४०. बघ कसं सुंदर केलंय. आणि कागदावर ३५ गुणिले ४ दिलं तर त्याने काय केलं असेल, चार पाचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस, उत्तर २००. स्वतः रस्त्यावर १४० म्हणणारं पोर कागदावर २०० लिहितं आणि त्याला काही खटकत नाही, कारण त्याच्या लेखी ही दोन वेगळी जगं आहेत. त्याला मठ्ठ म्हणशील? मग स्वतःलाही म्हणू नकोस.

आता तुझं ते "व्हिडिओ बघताना पुढे काय येणार ते कळतं" यावर बोलायचंय, कारण खरा चकवा तिथे आहे. सोपं जातंय म्हणजे शिकलोय असं वाटतं आपल्याला. यावर रोहरर आणि टेलर यांचा २००७ चा एक अभ्यास आहे, मी शिकवत असताना मला कोणी दाखवला असता तर बरं झालं असतं. कॉलेजच्या मुलांना चार विचित्र आकारांचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेक प्रकार सलग केला, म्हणजे आधी एकाचं सगळं मग दुसऱ्याचं, दुसऱ्या गटाला चारही प्रकार मिसळून दिले. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आता इथेच थांबलो असतो तर कोणीही म्हणेल सलग सराव भारी. आठवड्याने परीक्षा घेतली, तर सलगवाले २० टक्क्यांवर आपटले आणि मिसळवाले ६३. म्हणजे ज्यांना सराव करताना "आपल्याला येत नाहीये बहुतेक" असं वाटत होतं त्यांच्याकडे ते टिकलं, कारण प्रत्येक गणिताला त्यांना आधी ठरवावं लागत होतं की हा प्रकार कोणता, आणि ज्यांचं सरसर चाललं होतं त्यांनी हे एकदाही ठरवलं नव्हतं. तुझे नव्वदच्या वरचे मार्क हे त्या ८९ टक्क्यांसारखे आहेत गं. खोटे नाहीत, मेहनत खरीच आहे, पण ते सराव चालू असतानाचे मार्क आहेत.

भावाचं बघू. तो प्रेमाने सांगतोय हे मान्य, पण नको. डोकं म्हणजे स्नायू, एका जागी व्यायाम केला की सगळीकडे ताकद येते, ही समजूत जुनी आहे, पूर्वी लॅटिन आणि भूमिती याच नावाखाली शिकवायचे, आणि १९०१ मध्येच थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी तपासून दाखवलं होतं की एका गोष्टीतला सराव दुसरीकडे उपयोगी पडतो तो त्या दोन गोष्टींत जेवढं सारखं आहे तेवढ्यापुरताच. मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका मुलाचं आहे. साधा कॉलेजचा मुलगा, स्मरणशक्ती तुझ्यामाझ्यासारखी, आकडे वाचून दाखवले की सातेक लक्षात राहायचे. वीस महिने, सगळे मिळून २३० तासांच्या वर सराव केला आणि तो ७९ आकड्यांवर पोचला! मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. किती लक्षात राहिली असतील? सहा. स्मरणशक्ती वाढलीच नव्हती, तो पळणारा मुलगा होता आणि आकड्यांचे गट करून त्यांना शर्यतीच्या वेळा समजून लक्षात ठेवायचा, ही युक्ती अक्षरांना लागू नव्हती. ब्रेन ट्रेनिंगच्या ॲपचंही बहुतेक हेच होतं, ॲपमधल्या खेळात माणूस पटाईत होतो, फार तर त्याच्यासारख्याच दुसऱ्या खेळात, बाकी रोजच्या कामात फरक पडल्याचा पुरावा कमीच आहे. बुद्धिबळ खेळावंसं वाटलं तर जरूर खेळ, छान खेळ आहे, पण ते खेळून तक्रारींचं टेबल सुटणार नाही. रोजचा तो अर्धा तास टेबलांनाच दे.

आता तुझी सहा वर्षं. हा प्रश्न तू दुसऱ्या नंबरवर टाकलास पण मला वाटतं रडू याचंच आलं होतं.

तुझं पत्र आल्यावर मी माझ्या एका मैत्रिणीला फोन केला, ती लॅबमध्येच आहे. तिला म्हटलं, समज एक यादी आहे, त्यात प्रत्येक माणसाच्या बऱ्याच नोंदी आहेत तारखेनुसार, आणि प्रत्येक नोंद त्याच माणसाच्या आधीच्या नोंदीशी ताडून फरक काढायचाय, असं काही तुमच्याकडे करतात का? ती हसायला लागली. म्हणाली, अगं डेल्टा चेक! रोजचंच आहे. मग तिने मला समजावलं (तुला समजवायची गरज नाही पण वाचणाऱ्यांसाठी सांगते) की रुग्णाचा आजचा रिपोर्ट त्याच रुग्णाच्या आधीच्या रिपोर्टशी ताडून बघतात, फरक प्रमाणाबाहेर असेल तर रिपोर्ट सोडत नाहीत, आधी बघतात की सॅम्पल कोणाशी अदलाबदल तर झालं नाही ना.

कळलं का मी काय म्हणतेय? रुग्णाच्या जागी ग्राहक ठेव. टेस्टच्या जागी तक्रार. एका माणसाच्या नोंदी एकत्र घ्यायच्या, तारखेने ओळीत लावायच्या, आधीची नोंद शेजारी आणायची, वजाबाकी करायची. लॅबमध्ये वजाबाकी व्हॅल्यूची, इंटरव्ह्यूत तारखेची. तू हे कोर्समध्ये एकदा केलं होतंस असं लिहितेस, पण त्याआधी सहा वर्षं तुझ्या हाताखालून हेच जात होतं, कधी सिस्टिम करून देत असेल कधी तू स्वतः बघत असशील, पण काय चाललंय हे तुला आतून माहीत होतं. आणि कोर्सवाल्याने तरी हजेरीच्या टेबलावर ते का करायचं हे सांगितलं असेल का, मला शंका आहे. तुला "का" माहीत होतं. फक्त ते "लॅब" नावाच्या कपाटात कुलूपबंद होतं आणि तू स्वतःच ठरवून टाकलं होतंस की ते कपाट आता उघडायचं नाही, कारण फील्ड बदललं.

अजून आहे बघ. सकाळी रुग्णांचे सॅम्पल लावायच्या आधी तू कंट्रोल चालवायचीस ना, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असं? तेच क्वेरीला (म्हणजे टेबलातून उत्तर काढायला लिहिलेल्या कोडला) कर, पाच ओळींचं टेबल हाताने बनव ज्याचं उत्तर बोटांवर मोजता येतं, त्यावर क्वेरी चालव, उत्तर जुळलं तरच मोठ्या टेबलावर. पोटॅशियम भलतंच वाढलेलं दिसलं तर तू लगेच घाबरायची नाहीस, आधी सॅम्पल हेमोलाइज झालंय का बघायचीस, कारण रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच जास्त येतं. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो आकडा कुठून कसा आला हे बघायचं, ही सवय ज्यांना नाही असे लोक टेबलात कोणाचं वय २०० दिसलं तरी सरासरी काढून मोकळे होतात. हे तुला कोणत्याही कोर्सने शिकवलेलं नाही आणि तुझ्या रेझ्युमेमध्ये नसणार याचीही मला जवळजवळ खात्री आहे.

एक सावधगिरी मात्र. जुनं सगळंच नेऊ नकोस, काही गोष्टी उलट्या पडतात. लॅबमध्ये विचित्र व्हॅल्यू आली की पहिला संशय कुठेतरी चूक झाल्याचा, पुन्हा टेस्ट लावा. डेटात मात्र ती विचित्र ओळ कधीकधी तपासून बरोबर निघते आणि तीच सगळ्यात कामाची असते, एकाच ग्राहकाने दोन दिवसांत अकरा तक्रारी केल्यात तर ती चूक म्हणून काढून टाकायची नसते, तिथेच काहीतरी जळतंय. तसंच लॅबमध्ये ठरलेल्या पद्धतीच्या बाहेर जाणं म्हणजे पाप, आणि इथे चार वाटांनी एकच उत्तर काढता येतं, तर पहिले काही दिवस तुला "पण बरोबर पद्धत कोणती?" असं होत राहील. होऊ दे.

आता करायचं काय. नवीन कोर्स घेऊ नकोस, हे पहिलं. चौथा कोर्स म्हणजे परत तेच, परत नव्वदच्या वर, परत ब्लँक. आहेत त्याच तीन कोर्सचे सगळे प्रश्न एका फाइलमध्ये काढ, नावं काढून टाक, धड्याचं नाव, व्हिडिओचा नंबर सगळं, आणि पत्त्यांसारखे पिसून टाक. रोज त्यातले सहासात उचल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोड लिहू नकोस लगेच. आधी एका ओळीत साध्या मराठीत लिही की हे काय मागतायत, "प्रत्येकाची आधीची नोंद शेजारी आणा" किंवा "गटातलं सगळ्यात मोठं शोधा", आणि त्यात कर्मचारी, ग्राहक, रुग्ण हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. ती ओळ आली की कोड तुला येतोच. काही दिवस तर नुसत्या ओळीच लिही, कोड नकोच. पहिले दोन आठवडे बेकार जातील, दहातले पाचसहाच ओळखता येतील आणि तुला वाटेल ताईने वाट लावली. ते ६० टक्केवाले आठव तेव्हा.

दुसरं, जोड्या लाव. गिक आणि होलिओक यांनीच १९८३ मध्ये परत प्रयोग केले, आणि त्यात असं दिसलं की एकाऐवजी दोन वेगळ्या गोष्टी वाचायला देऊन त्यांच्यात सारखं काय आहे ते लिहायला लावलं की नंतर न खुणावताही जास्त जणांना उत्तर सुचतं. तर हजेरीचा प्रश्न, तक्रारींचा प्रश्न आणि डेल्टा चेक, तिन्ही एका कागदावर घे आणि तिघांत काय सारखं आहे ते स्वतःच्या शब्दांत लिही. मी वर लिहिलंय ते बघून नाही हं! मी लिहिलेलं वाचणं म्हणजे परत व्हिडिओ बघणंच झालं.

तिसरं छोटं आहे. व्हिडिओ बघायचाच असेल तर शिकवणाऱ्याने प्रश्न वाचला की पॉज कर आणि आधी स्वतः चुकून बघ. चुकल्यावर बघितलेलं उत्तर वेगळंच दिसतं.

आणि स्वतःला मोजायची पट्टीही बदल. ब्रॅन्सफर्ड आणि श्वार्ट्झ नावाच्या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये एक मुद्दा मांडला होता, मला तो फार पटतो, की आपण कायम तपासतो ते माणसाला एकट्याला कोंडून, हाताशी काही न देता, पहिल्या फटक्यात येतं का, आणि आधीच्या शिक्षणाचा खरा फायदा मात्र तिथे दिसतच नाही, तो दिसतो नवीन गोष्ट शिकायला तू किती पटकन सरावतेस त्यात. घरी आल्यावर फाइल उघडून ते हजेरीचं उदाहरण शोधायला तुला किती वेळ लागला गं? दहापंधरा मिनिटं लागली असतील फार तर. ज्याला काहीच येत नाही त्याला कुठे शोधायचं हेही कळत नाही. आता इंटरव्ह्यूवाले ही पट्टी वापरत नाहीत हे खरं, म्हणून पुढच्या वेळी ब्लँक झालीस तर गप्प बसू नकोस, मोठ्याने बोलायला लाग, "असं काहीतरी मी कुठे केलंय ते आठवतेय, लॅबमध्ये आम्ही एका रुग्णाचे दोन रिपोर्ट ताडायचो, हे त्यासारखं आहे का?" बोलता बोलता दुवा सापडतो, आणि नाही सापडला तरी समोरच्याला तुझा विचार दिसतो. वीस मिनिटांच्या शांततेत त्याला काहीच दिसलं नाही.

ता.क. चं उत्तर राहिलं. हसतील का माहीत नाही, पण पाठव. लांबण लावू नकोस, "त्या दिवशी जमलं नाही म्हणून दिलगीर आहे" हे तर अजिबात लिहू नकोस. क्वेरी जोड, खाली पाच ओळींच्या टेबलावर तपासल्याचं दाखव, आणि दोन वाक्यात लिही की लॅबमध्ये डेल्टा चेक म्हणजे काय असतं आणि तो ग्राहकांच्या तक्रारींना कसा लावता येईल, उदाहरणार्थ अंतर अचानक कमी झालेले ग्राहक आधी बघायचे. नोकरी मिळेलच असं नाही, तीन आठवडे होऊन गेलेत, जागा भरलीही असेल. पण ती दोन वाक्यं एकदा लिहून झाली की तशीच उचलून रेझ्युमेत टाकता येतील, तिथे सध्या मला वाटतं नुसतं "लॅब टेक्निशियन, ६ वर्षं" एवढंच असणार.

– ताई